एका वाटीत बदाम किती

तिसऱ्या खेपेचे लाडूही फुटले.

दर्शनाने मुठीत दाबून दाबून एक लाडू वळला, ताटात अलगद ठेवला आणि हात मागे घेतला. लाडू क्षणभर बसल्यासारखा बसला, मग मधोमध तडकला आणि त्याचा भुगा झाला. तिने दुसरा वळला. तोही तसाच. तिसरा तर मुठीतच सुटला. दर्शनाने परात पुढे ढकलली आणि तुपाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिली.

"अहो आई," ती म्हणाली, "तुमची एक वाटी म्हणजे नक्की किती हो?"

सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. उजवा हात प्लास्टरमध्ये घालून गळ्यात अडकवलेला. त्यांनी डाव्या हाताची बोटं वाकवून वाटीचा घेर दाखवला.

"एवढी. ही तुझी स्टीलची आहे ना, तोंडाला एवढीच होती गो."

"मग चुकतंय कुठे?"

"काय माहीत," सुभद्राबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या अकराव्या मजल्यावरून समोरच्या इमारतीचा अकरावा मजला तेवढा दिसायचा.

चुकतंय कुठे ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सुभद्राबाई परबांचे डिंकाचे लाडू लालबागेत नावाजलेले. चाळीसएक वर्षांत किती बाळंतिणींनी ते खाल्ले याचा हिशेब कुणाकडे नाही. दर हिवाळ्यात त्या स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या आणि एकट्याने घाणा काढायच्या. कुणी मदतीला आलं तर म्हणायच्या, "मध्ये मध्ये लुडबुडू नका, माझं माप चुकतं." गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या सत्त्याहत्तरीला हाड जुळेल, पण त्या हाताने लाडू वळायचं विसरा.

नेमकं त्याच वेळी दर्शनाचं जमत आलं होतं. दर्शना त्यांची सून, वैभवची बायको. ज्या दवाखान्यात ती पंधरा वर्षं नावं लिहून घ्यायला बसायची तो बंद पडला होता, आणि वर्षभर घरी बसून तिचा जीव आंबून गेला होता. दादरच्या एका दुकानाचे मालक हितेंद्रभाई यांनी सुभद्राबाईंचा लाडू कुणाकडे तरी खाल्ला आणि दर्शनाला बोलावून घेतलं. हा लाडू तुम्ही करून द्या, मी दुकानात ठेवतो. अट एकच. प्रत्येक खेपेचा लाडू सारखा हवा, आणि कशात काय किती आहे ते डब्यावर ग्रॅममध्ये छापायचं. "वाटी-बिटी नाय चालणार, ताई," ते म्हणाले होते. "कोणाची वाटी केवढी, कोणाला ठाऊक?" येत्या शनिवारी नमुन्याचा डबा न्यायचा होता.

सुभद्राबाईंच्या कृतीत गूळ आणि तूप वजनावर होतं. किलोची एक ढेप, अर्धा किलो तूप. दुकानातून आणायचं आणि सगळंच्या सगळं ओतायचं. बाकी सुका मेवा वाटीने. चार वाट्या बदाम, चार काजू, दोन अक्रोड, चार खारकेची पूड, चार खोबऱ्याचा कीस, एक डिंक. एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

"आणि वाटी कुठाय?" दर्शनाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"हरवली," सुभद्राबाई म्हणाल्या होत्या. "चाळ सोडली तेव्हा."

वाटी त्यांच्या पलंगाखालच्या ट्रंकेत होती. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली.

पहिली खेप फसली ती दर्शनाच्या चुकीने. तिने स्टीलची वाटी बदामांनी भरून नव्या काट्यावर ठेवली, एकशेवीस ग्रॅम भरले, आणि तिने सगळ्यालाच एकशेवीस धरलं. तिची मुलगी श्रेया, कॉलेजात जाणारी, पोट धरून हसली होती. "मम्मी, अक्रोड नि बदाम एकाच वजनाचे कसे? अक्रोड वाटीत नीट बसतात तरी का? अर्धी वाटी हवाच असते." मग मायलेकींनी एकेक जिन्नस वेगळा तोलला. काजू एकशेबारा. अक्रोड चौऱ्याऐंशी. श्रेयाने कागदावर लिहून तो फ्रिजला चिकटवला. दुसऱ्या खेपेला खोबऱ्याचा कीस दाबून भरला गेला होता, तो मोकळा भरायचा असतो असं सुभद्राबाईंनी सांगितलं, तेव्हा ती चूक सुधारली. तिसऱ्या खेपेत सगळं बरोबर होतं. बदाम आख्खे मोजले, कीस मोकळा भरला, प्रत्येकाचं वजन वेगळं धरलं. आणि लाडू फुटले. फुटणारच होते. मेवा जास्त, गूळ-तूप तेवढंच. कोरडं पीठ वळावं तसं झालं होतं.

सुभद्राबाईंनी एकदा सांगून पाहिलं, "थोडे कमी घाल ना बदाम. काजू पण थोडे कमी."

"थोडे म्हणजे किती, आई? डब्यावर 'थोडे' छापू?"



त्या वाटीची गोष्ट अशी.

जुन्या चाळीत सुभद्राबाईंची खानावळ होती. दोन खोल्यांत बारा गडी जेवायला. सगळे गिरणीतले, सगळे कोकणातले, बायकापोरं गावी ठेवून आलेले. पाळीप्रमाणे यायचे, पाटावर बसायचे. भाकरी, भात, आणि पितळेच्या वाटीत उसळ नाहीतर कालवण. बारा गड्यांना बारा वाट्या. वाटी भरून वाढायची, हा सुभद्राबाईंचा नेम.

मग संप आला. गिरण्यांची दारं बंद झाली. काही गडी गावाला गेले, पण सातआठ राहिले, आज सुरू होईल, उद्या सुरू होईल म्हणत. त्यांना जेवू नका म्हणणं सुभद्राबाईंना जमलं नाही. डाळ, कडधान्य पुरवठ्याला येईना. अशात एका दुपारी कल्हईवाला आला. त्याने भाता लावला, वाट्या तापवल्या, आणि सुभद्राबाई त्याच्याजवळ उकिडव्या बसून हळूच म्हणाल्या, "यांची बुडं जरा वर घेता येतील काय? आतून?"

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. बहुधा ही मागणी त्याला नवी नव्हती. "बोटभर घेतलं तर पाव वाटी जाईल, बाई."

"जाऊ दे."

त्याने प्रत्येक वाटी पालथी घालून लाकडी मोगरीने ठोकली. आतून बूड घुमटासारखं वर आलं, बाहेरून खळगा पडला. तोंड तेवढंच, काठ तोच. उसळ काठोकाठ वाढली की कुणाला काही कळू नये. संध्याकाळी सुभद्राबाईंनी त्याच वाट्यांत वाढलं. कुणाला काही कळलं नाही.

फक्त एक अडचण होती. खानावळीत ज्याची ताटवाटी त्याने घासायची रीत होती. मोरीत वाटी पालथी झाली की खळगा दिसणार. म्हणून त्या दिवसापासून सुभद्राबाईंनी सांगून टाकलं, "तुम्ही नका घासू रे. चिंतेने अर्धे झालात. मी घासते सगळ्यांची." गडी गहिवरले. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री सातआठ ताटं घासताना सुभद्राबाई मोरीतून मान वर करू शकल्या नाहीत.

इथवर झालं ते संपाच्या दिवसांचं. तेवढ्यावर थांबलं असतं तर सुभद्राबाईंनी स्वतःला कधीच माफ केलं असतं. सगळ्यांच्या तोंडी दोन घास जावेत म्हणून केलं, असं म्हणता आलं असतं. पण संप विझला. काही गिरण्या चालू झाल्या. गडी परत आले, नवेही आले, पुन्हा बाराच्या बारा पाट भरले, आणि सगळे पूर्वीसारखे पुरे पैसे देऊ लागले. कल्हईवाला पुन्हा आला. त्याने आपणहून विचारलं, "बुडं खाली घेऊ काय?"

सुभद्राबाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला."

पुढची खेप नऊ वर्षं आली नाही. खानावळ बंद होईपर्यंत.

लाडू त्यांनी संपानंतर सुरू केले, गड्यांच्या गावाकडच्या बाळंतिणींसाठी. हाताशी तीच वाटी. कृती तिच्यावर बसली आणि तिच्यावरच राहिली. बाकीच्या अकरा वाट्या त्यांनी मोडीत दिल्या. बारावी देता येईना, कारण लाडू बिघडले असते.

त्या बारा गड्यांतला आता मुंबईत एकच उरला होता, आनंदा. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, आता सत्तरी ओलांडलेली. चिंचपोकळीला पुतण्याकडे राहायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी चारच्या सुमाराला चालत यायचा, चहा घ्यायचा, तासभर बसायचा. सुभद्राबाईंना 'वयनी' म्हणायचा. दर्शनाच्या तिसऱ्या खेपेच्या दिवशी मंगळवारच होता. तो आला तेव्हा परात भुग्याने भरलेली होती.

"काय गो दर्शना, लाडवांचा चिवडा केलास?"

"मामा, हसू नका. रडायचं बाकी राहिलंय."

"हसत नाय गो." आनंदाने चमचाभर भुगा तोंडात टाकला. "चव तीच आसा. पण वयनीची वाटी पायजे. त्या वाटीत काय होतं देव जाणे. आम्ही बारा जण त्या वाटीवर जगलो. आणि एवढं करून आमची ताटं वयनी घासायची. सख्खी बहीण घासणार नाय."

सुभद्राबाई उठून आत गेल्या. चहात साखर घालायची राहिली असं काहीतरी पुटपुटल्या.

"पण मामा, ती वाटी ह्या वाटीएवढीच होती ना? नक्की?"

"नक्की. माझ्याएवढं कोण सांगणार? माझं नावच भस्म्या होतं त्या खानावळीत." आनंदा हसला. "सगळे एका वाटीत जेवून उठायचे, मी मेला दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा. भस्म्या रोग झाल्यासारखा."

ते नाव कुणी ठेवलं हे आनंदाने सांगितलं नाही. कदाचित त्याला आठवत नसेल. सुभद्राबाईंना आठवत होतं. बुडं वर घेतल्यावर आठवड्याभरातच विशीतल्या आनंदाने वाटी पुढे केली होती, "वयनी, थोडी उसळ." पातेल्यात उसळ नव्हती. आणि हा रोज मागायला लागला तर बाकीचेही विचारात पडतील, पूर्वी पोट भरायचं, आता का भरत नाही. म्हणून त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाल्या होत्या, "आनंदा, पोट आसा की पिंप? भस्म्या झालाय की काय तुका?" बाकीचे गडी खो खो हसले. आनंदाही हसला. नाव चिकटलं ते चिकटलं. गावापर्यंत गेलं.

गुरुवारी सकाळी दर्शना लिफ्टपाशी उभी होती. शेजारच्या बकुळाबाई तिला म्हणत होत्या, "अगं, सासूने सुनेला कधी पुरं माप दिलंय का? हातचा एक ठेवतातच. माझी सासू गेली, पण माशाच्या आमटीचा मसाला घेऊनच गेली." दार उघडंच होतं. आत बसलेल्या सुभद्राबाईंना शब्द न् शब्द ऐकू आला.

दर्शना परत आत आली ती पर्स विसरली म्हणून. पर्स घेतली आणि थांबली.

"आई, एक विचारू? राग मानू नका. माझं हे काम व्हावं असं तुम्हाला वाटत नसेल तर स्पष्ट सांगा. मी आता हितेंद्रभाईंना नाही म्हणून सांगून येते. पण मला अशी तोंडघशी पाडू नका."

"असं काय बोलतेस गो?"

"मग काय बोलू? बावीस वर्षं ह्या घरात आहे मी. लाडू करताना तुम्ही मला कधी दारात उभं केलं नाहीत." तिने पर्स खांद्याला अडकवली. "आणि ते हितेंद्रभाई कालपासून फोन करतायत. वाटीचा फोटो शोधा म्हणे. डब्यावर टाकायचाय. 'आजीची वाटी' असं नाव द्यायचंय त्यांना लाडवांना."

सुभद्राबाईंची नजर आतल्या पलंगाकडे गेली. ती वाटी? दुकानात? हजार माणसांच्या हातात?

"मी दोन दिवस मागून बघते," दर्शना म्हणाली. "नाही दिले तर विषय संपला." आणि ती गेली.

घरात कुणी नव्हतं. वैभव कामावर, श्रेया कॉलेजात. सुभद्राबाई बराच वेळ तशाच बसल्या. मग त्यांनी ठरवलं. वाटी दाखवायची नाही, पण माप तरी द्यायचं. गुपचूप तोलायचं, आकडे कागदावर लिहायचे, आणि म्हणायचं, आठवलं ग बाई, जुन्या वहीत सापडलं. अजून एक खोटं. पण सुनेच्या हातात खरा आकडा तरी जाईल.

एका हाताने ट्रंक ओढणं सोपं नव्हतं. ती पायाने सरकवली. लुगड्याचा तुकडा दातांनी सोडवला. वाटी बाहेर आली. पितळ काळवंडलं होतं. त्यांनी ती ओट्यावर ठेवली, श्रेया करायची तसं काट्याचं बटण दाबलं. रिकामी वाटी ठेवून आधी धडा करायला हवा, वाटीचं वजन वगळायला हवं, हे त्यांना कळत होतं, तराजूच्या काळात आयुष्य गेलं होतं. पण या काट्याला धडा कसा करायचा ते ठाऊक नव्हतं. म्हणून रिकाम्या वाटीचं वजन वाचलं, एकशेसाठ. मग बदाम भरले, सपाट केले. दोनशे अठ्ठेचाळीस. वजाबाकी बोटांवर केली.

अठ्ठ्याऐंशी.

दर्शनाच्या वाटीत एकशेवीस. ह्यांच्या वाटीत अठ्ठ्याऐंशी. सुभद्राबाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या. पाव वाटी म्हणाला होता कल्हईवाला. पाववर थोडं जास्तच गेलं होतं. एवढी वर्षं त्यांनी मनाशी "जरासं" म्हटलं होतं. आज पहिल्यांदा ते किती, ते काट्याने सांगितलं.

"वयनी! दार उघडंच टाकलंस?"

आनंदा. आज गुरुवार होता, त्याचा यायचा दिवस नव्हता. "शुक्रवारी डॉक्टरकडे जायचंय, म्हटलं आजच चहा घेऊन जावं," म्हणत तो थेट आत आला आणि ओट्यापाशी थबकला.

"अगो! ही तर आपली वाटी!"

सुभद्राबाईंना वाटीवर पदर टाकायचा होता. डावा हात उठला नाही.

आनंदाने वाटी उचलली. बदाम ताटलीत ओतले. काठावरून अंगठा फिरवला. वाटी सरळच धरली होती त्याने, आत अंधार, त्याला काही दिसलं नाही. "हरवली म्हणालीस ना? कुठे गावली? दर्शनाक सांग, फोटो काढू दे." मग तो वाटीकडे बघत म्हणाला, "ह्या वाटीला मी लय त्रास दिलाय गो वयनी. सगळे एकदा मागायचे, मी दोनदा. तू बिचारी एवढ्या माणसांचं बघणार की माझ्या पोटाचं? शेवटी शेवटी मी काय करायचा माहितेय? जेवायला बसायच्या आधी खाली नळावर जाऊन दोन तांबे पाणी प्यायचा. म्हटलं, मागायची वेळ नको. आजपण लग्नाकार्यात पंगतीला बसलो की माझा हात आखडतो. वाटतं, कोण बघतंय का."

सुभद्राबाई गप्प राहिल्या असत्या तर चाललं असतं. त्याने वाटी ठेवली असती, चहा घेतला असता, गेला असता. त्यांना ते कळत होतं. 

"आनंदा," त्या म्हणाल्या, "ती पालथी कर."

"काय?"

"वाटी. पालथी कर."

त्याने केली. खळग्यात त्याचा अंगठा पहिल्या पेरापर्यंत गेला. त्याने वाटी पुन्हा सरळ केली, आत बोट घातलं, वर आलेलं बूड चाचपलं. मग पुन्हा पालथी केली. असं दोनतीनदा झालं. आयुष्यभर यंत्रावर काम केलेला माणूस, त्याला ठोक्याच्या खुणा वाचायला वेळ लागला नाही.

"हे कोणी केलं?"

"मी करून घेतलं. संपात." मग, हे अर्धंच खरं आहे हे जाणवून, "संप संपल्यावर परत करून घ्यायला हवं होतं. नाही घेतलं."

"बारापण?"

"बारापण."

आनंदाने वाटीच्या काठावरून पुन्हा अंगठा फिरवला. शिवी देईल, निदान आवाज चढवेल, असं सुभद्राबाईंना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखा, "म्हणजे मी खादाड नव्हतंय."

"नव्हतास."

"माका खरीच भूक लागायची."

"हो रे."

त्याने वाटी ओट्यावर ठेवली. खूप जपून, आवाज न करता. "येतो," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

दर्शना परतली तेव्हा वाटी तिथेच होती. शेजारी कागदावर डाव्या हाताने लिहिलेलं वेडंवाकडं अठ्ठ्याऐंशी. सुभद्राबाईंनी तिला सगळं सांगितलं. उभ्याने सांगितलं. बसून सांगायचा धीर झाला नाही. कल्हईवाला, बुडं, ताटं घासणं, नऊ वर्षं, आनंदा. काही लपवलं नाही. दर्शना ऐकत राहिली. मध्येच तिने वाटी पालथी केली आणि पटकन सरळ करून ठेवली, जणू बघायला नको ते बघितलं.

"जाऊ द्या हो आई," शेवटी ती म्हणाली. "त्या काळात सगळेच करत असतील असं काहीतरी."

"दुसऱ्यांचं मला माहीत नाही."

"आणि मी तुम्हाला सकाळी काय काय बोलले."

"बरोबरच बोललीस. पुरं माप दिलंच नव्हतं मी. फक्त तुला नाही, कुणालाच नाही."

त्या संध्याकाळी दर्शनाने काट्याचं एक बटण दाबून दाखवलं. वाटी ठेवायची, हे दाबायचं, की वाटीचं वजन शून्य होतं. मग काजू ब्याऐंशी भरले. अक्रोड एकसष्ट. कागदावरचे जुने आकडे खोडले गेले. शुक्रवारी चौथी खेप झाली. दर्शनाने लाडू वळला, ताटात ठेवला, हात मागे घेतला. तो बसला तो बसला. श्रेयाने टाळी वाजवली. सुभद्राबाईंनी ताटाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लाडू इतका गोल, इतका घट्ट, त्यांना बघवेना.

शनिवारी हितेंद्रभाईंनी अख्खा लाडू उभ्या उभ्या खाल्ला आणि महिन्याला चाळीस डबे सांगितले. "आणि तो वाटीचा फोटो?"

"वाटी नाही मिळाली," दर्शनाने सांगितलं. घरी येऊन तिने ते सासूला सांगितलं तेव्हा सुभद्राबाई म्हणाल्या, "माझ्यापायी तुलाही खोटं बोलायला लागलं." डब्यावर नुसतंच 'डिंकाचे लाडू' छापलं गेलं. खाली ग्रॅममध्ये आकडे.

मंगळवारी आनंदा आला नाही. सुभद्राबाईंनी चारला चहा ठेवायला लावला. तो निवून साय धरली. शुक्रवारीही नाही. दर्शना म्हणाली, फोन करते. त्या म्हणाल्या, नको.

रविवारी त्यांनी काळे वाटाणे भिजवायला लावले, शेजारी बसून दर्शनाकडून उसळ करून घेतली. खोबऱ्याचं वाटण, खानावळीत असायचं तसंच. स्टीलच्या नव्या वाटीत काठोकाठ भरली, उरलेली डब्याच्या खालच्या पुडात घातली, वाटी वरच्या पुडात बसवली आणि दर्शनाने टॅक्सीचं विचारलं तरी नाही म्हणून, प्लास्टरचा हात छातीशी धरून त्या चालत चिंचपोकळीला गेल्या. थांबत, कठड्याला धरत.

आनंदा खाटेवर बसून पेपर वाचत होता. पुतण्याची बायको प्रिती म्हणाली, "बघा ना आजी, आठ दिवस कुठे बाहेरच पडले नाहीत." आनंदाने पेपर खाली केला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. सुभद्राबाईंनी डबा उघडून वाटी त्याच्यासमोर ठेवली. प्रितीने दोन भाकऱ्या आणून दिल्या आणि ती आत गेली.

त्याने उसळीकडे बघितलं. मग वाटी उचलून डोळ्यांच्या पातळीला धरली, खालून बघितलं. सुभद्राबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या बघत राहिल्या. तेवढं तरी करायला हवं होतं.

तो जेवायला लागला. घास हळूहळू चावत होता, पुढचे दोन दात पडले होते. पाव भाकरी झाली. अर्धी झाली. वाटी निम्मी उरली असताना तो थांबला.

"संपव ना," सुभद्राबाई म्हणाल्या. "अजून आहे डब्यात. पाहिजे तेवढी आहे."

"आता नाय जात, वयनी," आनंदा म्हणाला. "पोट लहान झालं."

तो उठला. उरलेली उसळ त्याने एका पातेलीत काढून झाकून ठेवली. सुभद्राबाईंनी सवयीने वाटीसाठी डावा हात पुढे केला.

"असू दे," तो म्हणाला. "माझी मी घासतो."

तो मोरीशी बसला. राखेचा जमाना गेला होता, साबणाची वडी होती. त्याने वाटी आतून घासली, मग पालथी करून बुडाला फिरवून फिरवून घासली, गरज नव्हती तेवढी. सुभद्राबाई खाटेच्या कडेला बसून नळाचा आवाज ऐकत राहिल्या. वाटी धुऊन त्याने फडक्याने पुसली आणि आणून त्यांच्या हातात दिली.

"मंगळवारी चहा ठेव," तो म्हणाला. तो हसत नव्हता. "साखर कमी घाल. डॉक्टर नको म्हणतो."